लोकरीच्या दुकानावरची सावली

दुकानातल्या माणसाने कापडाचे नमुने टेबलावर पत्त्यांसारखे पसरले. करडा, मातकट, गडद निळा, पट्ट्यापट्ट्यांचा. बहुतेक सगळे कृत्रिम धाग्याचे, हाताला गुळगुळीत आणि वासाला नव्या चपलेसारखे. सगळ्यांच्या तळाशी एक जाड, खरबरीत हिरवा तुकडा होता. "हा जुना कॅनव्हास. आता कोणी घेत नाही, भिजला की फार जड होतो," असं म्हणत तो माणूस तुकडा बाजूला सारायला लागला, तेवढ्यात मी तो उचलून नाकाशी नेला.

"आई, कापड बघायला आलोय आपण," शेजारी बसलेली माझी मुलगी प्रज्ञा हळूच म्हणाली.

"बघतेच आहे," मी म्हणाले.

मेण, धूळ आणि तापलेला सुती दोर. किती वर्षांनी आला हा वास. देवळाली कॅम्पच्या बाजारातल्या माझ्या आईच्या दुकानाचा वास होता तो. तिला आम्ही माई म्हणायचो. माईचं लोकरीचं दुकान होतं, आणि दुकानापुढे अशाच हिरव्या कापडाचं छप्पर होतं. त्याला आता 'ऑनिंग' म्हणतात. आमच्या घरात त्याला नुसतं 'सावली' म्हणत. "सावली पाडली का?" हा आमच्या घरातला दिवसाचा पहिला प्रश्न असायचा.

माईला ऊन सोसत नसे. उन्हाचा कंटाळा निराळा आणि हे निराळं. जरा वेळ उन्हात गेली की तिच्या गालांवर लाल चट्टे उठायचे, बोटांचे सांधे सुजायचे, रात्री ताप भरायचा. कॅम्पातले डॉक्टर त्याला उन्हाची अ‍ॅलर्जी म्हणत. शेजारणी कोणी पित्त म्हणत, कोणी नजर. माई लग्नाआधीपासून भगूरच्या शाळेत शिकवायची. मी पोटात असताना हे दुखणं सुरू झालं आणि चालत शाळेत जाणं सुटलं, मग शाळाच सुटली. आजार हा माझ्याच वयाचा. मी त्याला पाहतच मोठी झाले, आणि लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्या आया अशाच सावली बघून पाऊल टाकतात.

गेल्या हिवाळ्यात प्रज्ञाच्या गालांवर तसेच चट्टे उठले. नाकाच्या दोन्ही बाजूंनी पसरलेले, पंख उघडल्यासारखे. ती म्हणाली, क्रीम बदललं म्हणून असेल. मी त्याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेलं. पुढे तपासण्या झाल्या. नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, ल्युपस. औषधं आता चांगली आहेत, घाबरू नका, म्हणाल्या. आईकडून मुलीला असा सरळ येत नाही हो हा आजार, असंही म्हणाल्या. मग प्रज्ञाकडे वळून म्हणाल्या, "फक्त ऊन टाळायचं. कटाक्षाने."

प्रज्ञा रोपं विकते. मखमलाबादच्या रस्त्याला तिची रोपवाटिका आहे, गुलाब, शोभेची झाडं, आंब्याची कलमं. कॉलेज सुटल्यापासून तिने ती एकटीने उभी केली. दिवसभर मातीत हात, डोक्याला रुमाल. "मी रोपं विकते डॉक्टर," ती त्या दिवशी हसून म्हणाली होती, "रोपांना काय सांगू, कपाटात बसा?" डॉक्टरीणबाई हसल्या. मला हसू आलं नाही.

म्हणून आम्ही ऑनिंग बघायला आलो होतो. एक घराच्या गॅलरीवर आणि एक रोपवाटिकेतल्या तिच्या टेबलावर. "तुम्ही दोघी ठरवा, मला त्यातलं कळत नाही," असं हे म्हणाले आणि कारखान्यात निघून गेले. पण त्यांनी आदल्या दिवशी गॅलरीत उभं राहून किती वेळ पश्चिमेकडे बघितलं होतं, ते मी स्वयंपाकघरातून पाहिलं होतं.

माझे वडील, नाना, तंबू दुरुस्तीचं काम करत. कॅम्पात तंबूंना काही तोटा नव्हता. फाटके, कंडम झालेले तंबू लिलावात निघत, त्यातलं चांगलं कापड बघून नाना आणत. घरी आलं की अंगणात पसरून ते ब्रशाने झाडायचं, ठिगळं लावायची, मेण फासायचं. त्यांची जाड सुई आणि तळहातावर बांधायची चामड्याची पट्टी मला आठवते. सुई कापडातून पार व्हायची तेव्हा एक बारीकसा, दातांखाली खडा आल्यासारखा आवाज यायचा.

माईसाठी त्यांनी आधी पत्रा घालून पाहिला होता. पत्र्याखाली ऊन येत नसे पण भट्टी पेटायची. मग पडद्यासारखी सोडायची बांबूची चिक लावली. तिच्या फटींतून उन्हाच्या काड्या आत यायच्या आणि माईच्या हातांवर पट्टे उठवायच्या, कुणी छडी मारल्यासारखे. शेवटी तंबूचं हिरवं कापड आलं, दुहेरी शिवलेलं, पुढच्या बाजूने खाली झुकलेलं, दोन दोरांवर खालीवर होणारं. त्याच्याखाली माईने दुकान मांडलं. लोकर विकायची कल्पना तिचीच. कॅम्पात फौजींच्या बायका होत्या, गढवालच्या, पंजाबच्या, केरळच्या. हातात सुया नाहीत अशी एखादीच. नवरे सरावाला गेले की त्या माईच्या दुकानापुढच्या बाकावर येऊन बसत आणि विणत. डोंगराकडून तोफांचे आवाज यायचे, दुकानाच्या काचा थरथरायच्या, वरचं कापड पोटात वारा भरल्यासारखं एकदा फुगून बसायचं. कोणी मान वर करत नसे. फक्त एखादीच्या सुया क्षणभर थांबायच्या.

आमचं दुकान पूर्वेला तोंड करून होतं. समोरच्या बेकरीच्या छपरावर सूर्य यायच्या आत नाना दोर सोडायचे. कप्पीचा करकर आवाज व्हायचा, कापड झुकत झुकत यायचं आणि फरशीवर सावलीची कड सरळ उमटायची. त्या कडेपर्यंत माईचं राज्य. कडेच्या पलीकडे काही लागलं की आम्हाला हाक. समोरून पाव आणायचा, रस्त्यावरच्या भाजीवालीकडून मेथी घ्यायची, उडून गेलेला कागद पकडायचा. माई कडेपाशी येऊन थांबायची, पाण्याच्या काठावर थांबावं तशी, आणि तिथून भाजीवालीशी भाव करायची. भाजीवाली सुरुवातीला चिडायची, "बाई, दोन पावलं पुढं या की, लय वजन हाय डोक्यावर." पुढे तिला कळलं तेव्हापासून ती स्वतःच सावलीत येऊन टोपली उतरवायची.

एक अडचण मात्र नानांनाही सुटली नाही. हिरव्या कापडाखाली कुठलाच रंग खरा दिसत नसे. लाल लोकर तपकिरी दिसायची, पिवळी पोपटी, पांढरीवर शेवाळ आल्यासारखं वाटायचं. रंग जुळवायचा म्हणजे गुंडा उन्हात नेऊन बघायला हवा. बाया गुंडा घेऊन रस्त्यावर जायच्या, उन्हात धरायच्या आणि तिथूनच ओरडून सांगायच्या.

"दीदी, ये तो मरून निकला," गढवालची एक बाई हसत म्हणायची, "आप तो लाल बोल रही थीं."

"मैं तो डिब्बे पर पढ़के बोलती हूँ," माईही हसायची.

नाना एकदा म्हणाले, "पांढरं कापड शिवू का? रंग खरे दिसतील."

"पांढऱ्यातून ऊन झिरपतं," माई म्हणाली. "राहू दे. त्यांना रंग दिसला म्हणजे झालं. मला सगळं सारखंच."

ती हे तक्रारीने म्हणाली नव्हती. विणता विणता टाके मोजत म्हणाली होती.

दरवर्षी जयंतीला आमच्या दारावरून प्रभातफेरी जायची. आदल्या दिवशीपासून बाजारात निळे झेंडे, निळ्या पताका. विहारात पहाटेच वंदना व्हायची. तिथे माई जायची, कारण तेव्हा अंधार असायचा. उजाडायच्या आत ती घाईने परत यायची आणि पांढरं लुगडं तसंच नेसून सावलीत उभी राहायची. फेरी आली की वाजवणारे दुकानापुढे मुद्दाम थांबायचे, लेझीम खेळणाऱ्या मुली दोन फेर जास्त धरायच्या. सगळ्यांना माहीत होतं, ह्या बाई कडेच्या बाहेर येणार नाहीत. माई टाळ्या वाजवायची, पाणी द्यायची. फेरी पुढे सरकली की आवाज बराच वेळ ऐकू यायचा, आधी स्टेशनच्या बाजूने, मग नुसता ढोल, मग काहीच नाही. माई तोवर उभीच असायची. नंतर ती पेले गोळा करायला लागायची.

मी दहावीत होते त्या वर्षी फेरी आली, थांबली, पाणी प्याली आणि निघाली. माईने हातातला तांब्या फरशीवर ठेवला आणि कड ओलांडून रस्त्यावर उतरली.

नाना दोराच्या खुंटीपाशी उभे होते. "अगं, ऊन चढतंय," ते म्हणाले.

"चढू दे. जाऊन येते."

"छत्री तरी घे."

तिने छत्री घेतली. मी तिच्या मागे पळाले. बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत तिने छत्री उघडी ठेवली होती. पुढे गर्दी झाली, छत्रीच्या काड्या कोणाकोणाला लागायला लागल्या, तशी तिने ती मिटून माझ्या हातात दिली.

मी माईला तोवर उन्हात पाहिलंच नव्हतं. आमच्या दुकानाच्या हिरव्या उजेडात आणि घरातल्या बल्बखाली मी तिला ओळखत होते. त्या दिवशी बघितलं, तिच्या वरच्या ओठावर बारीक सोनेरी लव होती. केसांत मेंदीचा लाल रंग होता. आणि तिचे डोळे काळे नव्हते, तपकिरी होते, पातळ चहासारखे. ती कोणाशी बोलत नव्हती. घोषणा दिल्या की तिचा हात वर जायचा, लेझीम थांबली की ती थांबायची. तिचं लुगडं इतकं पांढरं होतं की बघवत नव्हतं. मध्येच तिने माझ्याकडे वळून म्हटलं, "आतून किती मोठी आहे ग ही. मला वाटायचं, आपल्या दारापुढे दिसते तेवढीच."

फेरी संपली तिथपर्यंत ती चालली. तिथे मुलींनी तिच्या हातात लेझीम दिली. तिने ती नुसती एकदा वाजवून परत केली, आणि लाजून हसली.

दुसऱ्या दिवशी ताप आला. मग सूज आली, आधी पायांवर, मग डोळ्यांखाली. त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. दवाखान्यातल्या फिनेलचा वास आठवतो, नानांनी खाटेच्या बाजूच्या खिडकीला आपल्या धोतराचं पान बांधलेलं आठवतं, आणि बाकावर बसून विणणाऱ्या फौजींच्या बायका, ज्या दुकान बंद असूनही येत होत्या. मूत्रपिंडं गेली, असं सांगितलं. दिवाळीच्या सुमारास माई गेली. त्या एका दिवसाच्या उन्हामुळे गेली, की जायचीच होती, हे कोणीच मला सांगितलं नाही. आताच्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, तर त्यांनी मान हलवली. "इतक्या वर्षांनी कसं सांगणार?" म्हणाल्या.

दवाखान्यात एकदा, दुपारी, आम्ही दोघीच असताना मी तिला विचारलं होतं, "माई, तू का गेलीस गं?"

ती पंख्याकडे बघत होती. "तू आलीस ना बरोबर," ती म्हणाली. "बरं झालं."

एवढंच उत्तर मिळालं.

ती गेल्यावरही नाना रोज सकाळी सावली पाडत. दुकान बंद, फळ्या लावलेल्या, बाकावर कोणी नाही. तरी बेकरीच्या छपरावर सूर्य यायच्या आत कप्पी करकरायची. मी कॉलेजला जायची तयारी करताना तो आवाज ऐकायचे आणि दार लावून घ्यायचे. पुढे आम्ही नाशिकला आलो. परवा देवळालीला गेले तेव्हा पाहिलं, तिथे मोबाइलचं दुकान आहे, वर फोनची जाहिरात छापलेलं चकचकीत प्लास्टिकचं छप्पर. त्याच्याखाली सगळी माणसं निळसर दिसत होती.

"मॅडम, दोन प्रकार आहेत," दुकानातला माणूस सांगत होता. "एक फिक्स. लोखंडी चौकट, भिंतीत कायमची बसवायची, बाजूचे पडदेही लागतात. दुसरी गुंडाळायची. हा दांडा फिरवला की बाहेर येते, उलटा फिरवला की आत. घरासाठी सगळे हीच घेतात. बिझनेससाठी फिक्स बरी."

"दोन्हीकडे फिक्स द्या," मी म्हणाले. "बाजूच्या पडद्यांसकट. सगळ्यात जाड कापडाची."

"आई," प्रज्ञा म्हणाली, "घरी गुंडाळायची घेऊ."

"कशाला?"

"संध्याकाळी उघडता येईल म्हणून. थंडीत उघडता येईल. मला आकाश दिसायला नको का?"

"दिसतं की कडेने."

"कडेने." तिने तो शब्द सावकाश उच्चारला. "तुला मला कुंडीत लावायचं आहे का?"

दुकानातला माणूस नमुने जुळवायला लागला. "तुम्ही बसा निवांत, मी पाणी सांगतो," म्हणून तो आत गेला. बरा माणूस होता.

प्रज्ञा माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी किडनीने गेली ना? मग तू उन्हाला एवढी का घाबरतेस?"

तिला मी तेवढंच सांगितलं होतं. सगळ्यांना तेवढंच सांगत आले. फेरीचं मी घरात कधी काढलं नव्हतं, कारण ते सांगायचं तर पूर्ण सांगावं लागलं असतं. माई आजारी पडली हे सांगायचं तर ती हसली होती हेही सांगावं लागलं असतं. आणि माझ्या मुलीच्या गालांवर ते चट्टे उठल्यापासून मला त्या हसण्याचीच भीती वाटत होती.

पण ती वाट बघत होती. मग मी सांगितलं. त्या टेबलापाशी, कापडाच्या तुकड्यांवर हात ठेवून, फरशीवरच्या कडेपासून दवाखान्यापर्यंत सगळं सांगितलं. पाणी आलं, तसंच राहिलं.

शेवटी तिने विचारलं, "तिला त्या दिवशी बरं वाटलं होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं.

"हो," मी म्हणाले. "तसं मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. नंतरही नाही."

प्रज्ञाने तो हिरवा कॅनव्हास पालथा करून पाहिला, परत ठेवला. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला कळलं नाही. आईला सगळं कळतं म्हणतात, ते खोटं आहे. मग तिने आतल्या माणसाला हाक मारली.

"दादा, नर्सरीवर फिक्स करा. पडद्यांसकट. कापड आतून पांढरं, बाहेरून गडद असं मिळतं का? मला फुलांचे रंग बरोबर दिसायला पाहिजेत, गिऱ्हाइकांना दाखवावे लागतात."

"मिळतं ना. मध्ये लेप असतो, ऊन झिरपत नाही."

"मग ते. आणि घरी गुंडाळायची." ती माझ्याकडे वळली. "आई, मी गोळ्या घेईन. क्रीम लावीन, लांब बाह्या घालीन. दुपारी पाऊल बाहेर टाकणार नाही. सगळं करीन. पण दांडा माझ्या हातात राहू दे."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

दोन्हीकडचं काम झालं. रोपवाटिकेत काम करणाऱ्या हौसाबाई नवं छप्पर बघून म्हणाल्या, "आता ताई निस्ती राणीवानी बसून ऱ्हाईल," आणि प्रज्ञा खरंच तिथे बसते, पांढऱ्या उजेडात, लांब बाह्यांचा कुर्ता घालून. कुंड्या हौसाबाई हलवतात. गुलाबाच्या ओळींमधून फिरायची तिची सवय गेली आहे. कधी कधी ती खुर्चीतून उठते, चार पावलं जाते आणि परत येते. मी शनिवारी तिच्याबरोबर जाते तेव्हा ते बघते. तिथे फरशीवर सावलीची कड कुठवर येते, ते मात्र मी बघत नाही.

घरी गॅलरीवरचं कापड दिवसभर बाहेर असतं. संध्याकाळी समोरच्या इमारतींमागे सूर्य गेला की प्रज्ञा दांडा फिरवते. दातेरी चाकं एकमेकांत सरकल्याचा आवाज येतो, आणि स्वयंपाकघरात अचानक उजेड वाढतो. हा आवाज आला की मी हातातलं काम थांबवून घड्याळाकडे बघते. रोज बघते. सवय होईल असं हे म्हणतात.

काल तो आवाज लवकर आला. मी ओटा पुसत होते, तशीच दारापर्यंत गेले. सूर्य अजून पुरता गेला नव्हता. दोन इमारतींच्या फटीतून त्याची एक पट्टी कठड्यावर पडली होती. प्रज्ञा सावलीत उभी होती, बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या, दुपट्टा गळ्याभोवती घट्ट. फक्त उजव्या हाताची बोटं तिने कठड्यावरच्या त्या पट्टीत ठेवली होती. ती कुठेच बघत नव्हती, डोळे मिटलेले होते.

"प्रज्ञा," मी म्हणाले, "चहा ठेवलाय."

"आले," ती म्हणाली.

चहा मी ठेवलेला नव्हता. आत येऊन मी भांडं गॅसवर चढवलं, पाणी ओतलं, आलं किसलं, आणि गॅलरीकडे पाठ करून उभी राहिले. पाण्याला उकळी आली. ती अजून आली नव्हती. मी गॅस बारीक केला.